देवकाताईंचे कान

शाल्मली हंचाटे तंत्रसेवेच्या वर्षासाठी 'बाळसं आरोग्य मंडळा'त रुजू झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या जुन्या आरोग्यसेविका देवकाताई भोयेंनी तिच्यासमोर एका बाळाचं दुखणं अंगणातूनच ओळखलं.

सुरगाण्याच्या डोंगरातला एक पाडा होता. नोव्हेंबर सुरू होता आणि नागली कापून खळ्यावर आली होती. देवकाताई पुढे आणि शाल्मली मागे अशा दोघी चालल्या होत्या. एका घरातून तान्ह्या बाळाचं रडणं आलं आणि देवकाताई थांबल्या. कानावरचा पदर मागे सारून त्या घटकाभर उभ्या राहिल्या.

"हे बिघडलेलं रडणं आहे," त्या म्हणाल्या. "ह्याला कावीळ चढतीये."

शाल्मलीला ते जगातल्या कुठल्याही बाळासारखं रडणं वाटलं. पण संध्याकाळी मंडळाच्या केंद्रावर बाळाच्या कपाळाला कावीळ मोजायचं यंत्र टेकवलं, तेव्हा आकडा धोक्याच्या रेषेला लागला होता. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि तीन दिवसांनी ते घरी गेलं.

"आमच्याकडे यंत्र आधीपासूनच आहे," मंडळाचे प्रमुख डॉक्टर विश्राम महाले शाल्मलीला म्हणाले. "फक्त ते पायी येतं आणि मिसरी लावतं."

शाल्मली हसली. पण आत कुठेतरी बारीकसं टोचलं, कारण कान ही तिची खासियत होती. सोलापूरची ही मुलगी चाकणला मोटारींच्या कारखान्यात होती. फिरत्या मोटारीचा आवाज टिपून आतलं बेअरिंग किती दिवसांनी जाणार, हे सांगणारी प्रणाली तिने बांधली होती. कारखान्यात कुठेही विचित्र आवाज आला की लोक म्हणत, शाल्मलीला बोलवा.

तंत्रसेवेची योजना सुरू होऊन चार वर्षं झाली होती. संगणक किंवा अभियांत्रिकीचं काम करणाऱ्या तरुणांनी नोकरीतून एक वर्ष काढायचं आणि एखाद्या सेवाभावी संस्थेला तंत्रज्ञान नीट वापरायला शिकवायचं, अशी ती योजना. नोकरी राखून ठेवली जाई. दर वर्षी देशभरातून दहा कामं निवडली जात आणि ती सगळ्या राज्यांत नेली जात. शाल्मलीला त्या दहांत यायचं होतं. शाळेपासून ती कुठल्याच यादीत खाली राहिली नव्हती.

पहिले दोन आठवडे तिने बहुतेक तंत्रसेवक करतात तेच केलं. वह्यांमधल्या नोंदी फोनवर आणल्या, कपाटात धूळ खात पडलेले टॅब चालू करून दिले, जीपच्या फेऱ्यांचं वेळापत्रक बसवलं. मग ती डॉक्टरांकडे गेली.

"देवकाताई एका दिवसात चार पाडे करतात," ती म्हणाली. "बाळं मात्र साठ पाड्यांवर जन्मतात. त्यांचे कान मला प्रत्येक झोळीला टांगता आले तर?"

कल्पना अवघड नव्हती. बाळ रडतं तेव्हा त्याच्या स्वरतंतूंचा ताण मेंदूच्या देठातून निघणाऱ्या नसा सांभाळतात. निरोगी बाळाचे तंतू सेकंदाला चारशे-पाचशे वेळा थरथरतात. प्राणवायू कमी पडला, रक्तातली साखर घसरली किंवा काविळीचं पिवळं द्रव्य मेंदूत उतरू लागलं, की नसांचा ताबा सुटतो. तंतू जास्त ताणले जातात आणि स्वर अचानक हजाराच्या वर उडी मारतो. त्याच्या वर चढत जाणारे बारीक उपस्वर तीन-चार हजारांपलीकडे जाऊन फाटतात. तुम्हाआम्हाला त्यातलं 'पोर किंचाळतंय' एवढंच कळतं. देवकाताईंना ते फाटणं ऐकू येत होतं. सत्तावीस वर्षांत त्यांनी सहा हजारांवर बाळं ऐकली होती.

यंत्राला मात्र हे कुणीतरी शिकवावं लागतं. म्हणून रोज दुपारी केंद्राच्या ओसरीवर देवकाताई हेडफोन लावून बसायच्या. शाल्मली पाड्यांवरून फोनवर टिपून आणलेलं एकेक रडणं वाजवायची आणि त्या सांगायच्या, "बरं." "भुकेलं." "बरं." "बिघडलेलं, हे पोर न्यायला पाहिजे होतं." पुढे त्या बाळाचं खरंच काय झालं, तेही शाल्मली केंद्राच्या नोंदींतून शोधून जोडायची. डिसेंबरच्या शेवटी देवकाताई आजारी पडल्या. मूत्रपिंडाला संसर्ग झाला होता, नाशिकला दहा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. पण तोवर एकोणीसशे रडणी ऐकून झाली होती.

जानेवारीत सुपारीएवढं ते यंत्र तयार झालं. झोळीच्या दोरीला बांधायचं. बाळ रडलं की हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा लागे. ते स्वतः काहीच आवाज करत नसे, तरी बाया त्याला खुळखुळा म्हणू लागल्या. आणि शाल्मलीला खुळखुळ्याची बाई.

नाव तिला आवडलं नाही. पण खरा त्रास वेगळाच होता. लाल दिवा लागला तरी बाया जागच्या हलत नसत. "देवकाताई काय म्हणते?" असं विचारत. देवकाताई तासाभराची वाट तुडवून यायच्या, ऐकायच्या आणि मान हलवायच्या. मग जीप बोलावली जायची. डॉक्टरांनीही नियम घालून दिला होता. दिवा आणि देवका यांचं जुळलं नाही, तर वर्षभर तरी देवकाचं ऐकायचं.

"तुझ्या दहा लाल दिव्यांत तीन खोटे निघतात," ते म्हणाले. "तीन आयांना उगाच डोंगर उतरायला लावलं, तर चौथी येणार नाही."

बरोबरच होतं ते. शाल्मली खोलीवर गेली आणि लॅपटॉपवर तिने एक तक्ता मांडला. एका रांगेत खुळखुळ्याची बरोबर उत्तरं आणि दुसऱ्या रांगेत देवकाताईंची. जानेवारीत शंभरात अठ्ठ्याऐंशी विरुद्ध शहाण्णव. तक्ता तिने कुणालाच दाखवला नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मात्र तो उघडून बघू लागली.

देवकाताई दुष्ट असत्या तर सोपं गेलं असतं. पण त्या शाल्मलीसाठी नागलीची भाकरी राखून ठेवायच्या. रविवारी तिच्या डोक्याला तेल लावायच्या. "किती कोरडे झालेत गं केस, तुझ्या आईला काय सांगू मी?" म्हणायच्या. शाल्मली डोळे मिटून बसायची आणि त्यांच्या कुडी घातलेल्या लहानशा कानांचा विचार करायची. शिकणं नाही, साधनं नाहीत, आणि हे सगळं या बाईला फुकटात मिळालंय, असं तिच्या मनात यायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मनात यायचं.

फेब्रुवारीत दिल्लीहून निवड समितीच्या दोघी जणी आल्या. शाल्मलीने चाळीस मिनिटांचं सादरीकरण तयार ठेवलं होतं. त्यांनी वीस मिनिटं ऐकलं आणि मग मोठ्या बाईंनी विचारलं, "ज्यांच्याकडून हे यंत्र शिकलं, त्या कुठे आहेत?"

पुढचे तीन तास त्या ओसरीवर देवकाताईंजवळ जमिनीवर बसून होत्या. डोळे मिटून रडणी ऐकत होत्या आणि ओळखता आलं नाही की लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"ही माझी पोरगीच आहे," देवकाताईंनी शाल्मलीचा हात धरून त्यांना सांगितलं. "हिने माझे कान डबीत भरले."

निघताना तिघींचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. फोन शाल्मलीच्या हातात दिला गेला. देवकाताई मध्ये आणि त्या दोघी बाजूंना. फोटो शाल्मलीने काढला.

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मार्चमधल्या बाळांच्या नोंदी जोडून तिने तक्ता उघडला आणि तिचा विश्वास बसेना. मार्चचे आकडे होते खुळखुळा एक्याण्णव आणि देवकाताई ब्याऐंशी.

आधी तिला नोंदीत चूक वाटली. तिने एकेक बाळ तपासलं. देवकाताईंची चुकलेली रडणी एकाच जातीची होती. ज्यांत फाटणं फार वरच्या पट्टीत होतं, तीन हजारांच्या पुढे, ती सगळी त्यांना 'भुकेलं' वाटत होती. खालच्या पट्टीतली अजूनही अचूक होती.

मग तिने एक चाचणी केली. डिसेंबरात देवकाताईंनी 'बिघडलेलं' म्हणून सांगितलेली वीस रडणी तिने नव्या रडण्यांत मिसळली आणि ओसरीवर त्यांना पुन्हा ऐकवली. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. विसांपैकी अकरांना त्या "भुकेलं" म्हणाल्या.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात हजारो सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. उंच स्वर ऐकणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी आणि खर्जातल्या आत टोकाशी. वयाने झिजतात त्या तोंडाजवळच्या आधी. काही तीव्र औषधांनीही त्याच मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हा येत नाही. बोलणं, हाक, जीपचा हॉर्न हे सगळं खालच्या पट्टीत असतं, ते नीट ऐकू येत राहतं. म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. देवकाताई छप्पन्न वर्षांच्या होत्या, आणि डिसेंबरातली ती दहा दिवसांची इंजेक्शनं शाल्मलीला आठवली.

तिला सगळं समजलं. समजल्यावर पहिली गोष्ट काय वाटली, ते पुढे तिला कधीच विसरता आलं नाही. तिला आनंद झाला. वाईट वाटणं नंतर आलं, तेही जरा ओढून आणल्यासारखं.

डॉक्टरांना त्याच दुपारी सांगायला हवं होतं. अजून थोडी माहिती जमू दे, असं तिने स्वतःला बजावलं. महिनाअखेरीला समितीचा अहवाल पाठवायचा होता. त्यात दोन रेषांचा आलेख येणार होता, एक वर चढणारी आणि एक खाली उतरणारी. आलेखच बोलेल, आपण कशाला बोलायचं. असे अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी दोघी सविता थविलच्या घरी पोचल्या. सविताला चार दिवसांची मुलगी होती. ऊन कडक होतं, पण घरात अंधार होता. पाचवी पूजल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, असं सविताच्या सासूचं, वेणूबाईंचं म्हणणं. त्यामुळे बाळाचा रंग उजेडात बघायची सोय नव्हती. झोळीच्या दोरीवर लाल दिवा लागलेला होता.

"सकाळपासून लालच दावतोय," वेणूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, देवका आल्याबिगर काही करायचं नाही."

बाळ रडत होतं. शाल्मलीने हातातल्या टॅबवर आलेख पाहिला. उपस्वर अडतीसशेच्या आसपास फाटत होते. देवकाताई खाली बसल्या, झोळीजवळ कान नेला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. नेहमीपेक्षा बराच वेळ.

"भुकेलं वाटतंय," त्या हळू म्हणाल्या. मग मान वळवून त्यांनी जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "पोरी, तुझ्या यंत्राला काय वाटतं?"

सविता, वेणूबाई आणि देवकाताई, तिघी तिच्याकडे बघत होत्या. एका वाक्याचं काम होतं. शाल्मलीच्या मनात आलं, एकदा, फक्त एकदा ह्यांचा शब्द चुकू दे. सगळ्यांना दिसू दे. उद्या नर्सची फेरी आहेच, आणि दहांत तीन लाल खोटे असतातच की.

"तुम्ही म्हणाल तसं, ताई," ती म्हणाली.

देवकाताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग सविताला म्हणाल्या, "छातीला लाव तिला."

दुसऱ्या दिवशी नर्सची फेरी झाली नाही, जीपचं चाक निखळलं होतं. सकाळी नऊ वाजता हे कळल्यावर शाल्मली चप्पल पायात सरकवून धावत सुटली. ती पोचली तेव्हा बाळ रडत नव्हतं. झोळीवरचा दिवाही विझलेला होता, कारण ऐकायला काही नव्हतं. सविता बाळाला छातीशी धरून बसली होती. "झोपलीये," ती म्हणाली. "कालपासून पीतच नाही, पण शांत झालीये."

शाल्मलीने बाळाला दारात उजेडात नेलं. वेणूबाई अडवायला उठल्या आणि बाळाचा चेहरा बघून जागीच थांबल्या. हळद लावल्यासारखा पिवळा झाला होता तो.

जिल्ह्याच्या रुग्णालयात बाळाचं सगळं रक्त बदलावं लागलं. बाळ वाचलं.

*

तिने त्यानंतर चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत सगळं सांगितलं. देवकाताई तिथेच बसल्या होत्या, शाल्मलीनेच त्यांना बोलावून घेतलं होतं. आलेख टेबलावर ठेवला आणि त्यांच्या कानांत काय झालं असावं, तेही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बोटांनी डोळे दाबून धरले. इंजेक्शनांनंतर देवकाताईंचे कान तपासायला हवे होते, ते आपल्याही लक्षात आलं नाही, असं ते पुटपुटले.

"तुला कधीपासून माहीत होतं?" देवकाताईंनी विचारलं.

"सविताच्या घरी गेलो, त्याच्या अकरा दिवस आधीपासून."

"मी तुला विचारलं होतं तिथं."

"हो."

"आन् तू म्हणालीस, तुम्ही म्हणाल तसं."

देवकाताई उठल्या, पायऱ्या उतरून गेल्या. त्या दिवसापासून नागलीची भाकरी यायची बंद झाली.

"मी राजीनामा देते," शाल्मली डॉक्टरांना म्हणाली.

"दे. निघून जाणं सगळ्यांत सोपं आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. "पण साठ पाड्यांवर तुझे दिवे टांगलेले आहेत. ते बघायला मी कुणाला आणू?"

ती राहिली. नियम बदलला. दिवा लाल लागला की कुणीही काहीही म्हणो, बाळाचं कपाळ मोजायचंच. तीन आया उगाच डोंगर उतरल्या तरी चालेल, त्यांना परत वर सोडायला जीप जाईल. अहवालात तिने आलेख घातला आणि त्याखाली ते अकरा दिवस जसेच्या तसे लिहिले. समितीकडून दोन ओळींचं उत्तर आलं, आणि पहिल्या दहांत बाळसंचं नाव नव्हतं.

जूनमध्ये जिल्ह्याच्या रुग्णालयात सविताच्या मुलीची श्रवणचाचणी झाली. तिचं नाव मंजुळा ठेवलं होतं. काविळीचं द्रव्य मेंदूत उतरलं की ते कानाकडून येणाऱ्या नसेलाही इजा करतं, म्हणून अशा बाळांची ही तपासणी करावीच लागते. झोपलेल्या मंजुळाच्या डोक्याला तारा लावल्या होत्या, कानात आवाज सोडले जात होते, आणि पडद्यावरच्या रेषा जिथे उसळायला हव्या तिथे जवळपास सपाट राहत होत्या.

"आदल्या दिवशी आणली असती तर?" शाल्मलीने तिथल्या डॉक्टरणीला विचारलं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "कदाचित ऐकणं वाचलं असतं. कदाचित तोवर व्हायचं ते झालंही असेल. हे कुणीच सांगू शकणार नाही."

हे उत्तर शाल्मलीला फार झोंबलं. दोषी आहेस असं कुणी म्हटलं असतं तर निदान तिला काहीतरी धरून बसता आलं असतं.

चार दिवसांनी देवकाताई तिच्या खोलीच्या दाराशी आल्या. दोन महिन्यांत त्या तिच्याशी कामापलीकडे बोलल्या नव्हत्या. आत न येता त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय, ताई?"

"कानाचं. होळीच्या आधीपासून. रातकिडे ऐकू येईनात. सगळे म्हणायचे किती किरकिर चाललीये, मी आपली हो म्हणायचे. नातू शिट्टी वाजवायचा, त्याचे नुसते गाल फुगलेले दिसायचे." त्यांनी कानातली कुडी चाचपली. "डॉक्टरांना सांगायचं रोज ठरवायचे. मग तुझा तो दिवा दिसायचा. वाटायचं, सांगितलं की संपलं. उद्यापासून सगळ्या म्हणतील, खुळखुळ्याची बाई काय म्हणते ते विचारा."

शाल्मली येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी जळत होते तुझ्यावर," देवकाताई म्हणाल्या. "तुझ्या डोक्याला तेल लावायचे ना, तेव्हा पण. इतकुशी पोर, आन् सत्तावीस वर्षांचं माझं काम दोन महिन्यांत डबीत घातलं. सविताच्या घरी मला नीट ऐकू आलं नव्हतं. म्हणून तुला विचारलं. पण मला ऐकू येत नाही, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. ते निघालं असतं, तर तू लपवू शकली नसतीस."

"मीही तुमच्यावर जळत होते," शाल्मली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"तेवढं मला कळलं होतं," देवकाताई म्हणाल्या. "त्याला कान लागत नाहीत."

मग त्या उठल्या आणि पदर खोचला. "चल. त्या पोरीच्या आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही."

दोन तासांची वाट होती. सविता घरामागे भात लावायला निघाली होती, त्यांना बघून थांबली. वेणूबाईंनी पाणी दिलं. देवकाताईंनी आधी आपलं सांगितलं आणि मग शाल्मलीने आपलं. काही वगळलं नाही, दहांत तीन खोटे वगैरे कारणंही दिली नाहीत.

वेणूबाई देवकाताईंकडे बघून म्हणाल्या, "माझी सगळी पोरं तुझ्या शब्दावर वाढली, देवका." आणि तोंड फिरवून आत गेल्या.

मंजुळा सविताच्या मांडीवर जागी होती आणि छपराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे टकमका बघत होती.

"म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं," सविता म्हणाली. "एकीला यंत्राचं, एकीला कानाचं. आन् दोघी माझ्या घरात बसून एकमेकींचं तोंड बघत होतात."

"हो," देवकाताई म्हणाल्या.

"मला तुमची माफी-बिफी नको." सविताने मंजुळाला छातीशी ओढून घेतलं. "हिला कानाचं मशीन लागंल, पुढं ऑपरेशन लागंल, असं ती डॉक्टरीण म्हणाली. बोलायला शिकवायचं तर रोज हिच्याशी कसं बोलायचं, ते मला कुणी दाखवायचं? ते तुम्ही करायचं. आन् इथं एकटी-एकटीनं यायचं नाही. याल तर दोघी या. एकमेकींना जे सांगायचं असेल ते माझ्यासमोर सांगा."

*

त्या येत राहिल्या. बुधवारी आणि शनिवारी, दोघी बरोबर. देवकाताईंच्या कानांमागे आता श्रवणयंत्रं होती. तशा यंत्रांनीही गेलेला वरचा आवाज पुरता परत येत नाही, हे त्यांना माहीत होतं. इतर घरीही झोळीजवळ बसून त्या आधी ऐकायच्या, म्हणायच्या, "मला खालचं बरं वाटतंय, वरचं तू बघ." मग शाल्मली टॅब बघून सांगायची. तो तक्ता तिने पुसला नव्हता, पण आता त्यात दोघींच्या मिळून उत्तरांची एकच रांग होती.

ऑक्टोबरात सहा महिन्यांच्या मंजुळाला श्रवणयंत्रं बसवली. नसेला इजा असली की यंत्राचा उपयोग किती होईल, ते आधी सांगता येत नाही, काही बाळांना थोडा होतो, काहींना होत नाही. शाल्मलीने चार महिने ह्याच विषयावर रोज वाचलं होतं. यंत्रातली प्रत्येक पट्टी मंजुळाच्या चाचणीप्रमाणे तिने स्वतः जुळवली होती. तिचं सेवेचं वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते, आणि आणखी सहा महिने राहू देण्याचा तिचा अर्ज डॉक्टरांच्या टेबलावर होता.

सविताच्या घरी सगळ्या बसल्या होत्या. वेणूबाईही दाराशी येऊन उभ्या राहिल्या. शाल्मलीने यंत्रं चालू केली, मंजुळाच्या मागच्या बाजूला गेली आणि हाक मारली. मंजुळा सविताच्या बांगड्यांशी खेळत राहिली. शाल्मलीने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. टाळी वाजवली. काही झालं नाही. तिने सविताकडे बघायचं टाळलं.

"थांब जरा," देवकाताई म्हणाल्या. त्या मागे येऊन बसल्या आणि खालच्या, जाड आवाजात, ओढून म्हणाल्या, "मंजुळेऽ, ए मंजुळे."

मंजुळाचा हात बांगड्यांवर थांबला. तिचे डोळे मोठे झाले. मग तिने मान वळवली, हळूहळू, आणि देवकाताईंकडे बघितलं.

सविताने तोंडावर पदर दाबला. वेणूबाई खालीच बसल्या. देवकाताईंनी पुन्हा हाक मारली आणि मंजुळा पुन्हा वळली. सगळ्या एकदम बोलू लागल्या, आणि त्या गडबडीत शाल्मली भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. आणि त्याच वेळी छातीत ते ओळखीचं, बारीक काहीतरी टोचत होतं.

"ताई," ती म्हणाली. "पट्ट्या मी जुळवल्या, हाक मी मारली, आणि वळली ती तुमच्याकडे. मला आत्तासुद्धा हेवा वाटतोय तुमचा."

सविताने तिच्याकडे पाहिलं.

"वाटू दे की," देवकाताई म्हणाल्या. "तुझा आवाज वरचा आहे, तो तिला पोचत नाही. हिच्यासाठी खालचा काढायला शीक. हात धू, आन् इकडं बस माझ्याजवळ."

शाल्मलीने हात धुतले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. सविताने मंजुळाला तिच्या मांडीवर दिलं.